पाच लिटरचा कॅन

"गाडी तापते" ही तक्रार "अंग दुखतंय" सारखी आहे. खरी असते, पण तिच्यावरून काहीच कळत नाही. कधी तापते? चढावर, की सिग्नलला उभी असताना? सकाळी की दुपारी? पाणी कमी होतं का? होतं तर सांडलेलं दिसतं का? एसी लावल्यावर फरक पडतो का? एवढे प्रश्न शांतपणे विचारणारा मेकॅनिक भेटला तर त्याला धरून ठेवा. बाकी ठिकाणी बॉनेट उघडतात, वाफ बघतात आणि दोन शब्द उच्चारतात : हेड गॅस्केट. हे दोन शब्द ऐकले की गाडीचा मालक गप्प होतो आणि खिशाचा अंदाज घ्यायला लागतो.

आमच्या वाईच्या गाडीबद्दल २०२५ च्या एप्रिलमध्ये हे दोन शब्द उच्चारले गेले. नातेवाईक मंडळींना गाडी ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी : पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, २००८ सालची. २०२३ मध्ये तिची पंधरा वर्षं भरली तेव्हा बाबांनी आरटीओच्या खेपा घालून तिचं रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून आणलं. आमच्या घरातली दोन बाळं हॉस्पिटलमधून याच गाडीतून घरी आली आणि आजीच्या अस्थी याच गाडीतून संगम माहुलीला गेल्या. तरीपण हा काही गाडीवरच्या प्रेमाचा लेख नाही हं. गाडी लोखंडाची आहे आणि उजव्या मागच्या दाराखाली ती गंजलीय सुद्धा.

मुद्दा वेगळा होता. आईचं डायलिसिस २०२२ पासून चालू आहे. मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास, साताऱ्याला. वाई ते सातारा पस्तीसेक किलोमीटर. बाबा तिला नेतात, बाहेरच्या बाकड्यावर पेपर वाचत बसतात आणि परत आणतात. बाबा आता ७२ वर्षांचे आहेत. तर एका शुक्रवारी पाचवडच्या पुढे काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि दोघं अर्धा तास रस्त्याकडेला उभे राहिले. डायलिसिसहून परत येताना आई अगदी पिळून काढल्यासारखी झालेली असते. त्या अवस्थेत ती एप्रिलच्या उन्हात झाडाखाली दगडावर बसून होती. हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. आईबाबांनी अर्थातच काही सांगितलं नव्हतं.

एका गॅरेजवाल्याने निदान केलं : हेड गॅस्केट उडालंय, हेड उतरवायला लागेल, फेसिंग मारायला लागेल, चाळीसेक हजार धरून चाला, आणि खरं सांगू का काका, या गाडीवर एवढा खर्च करू नका. दादाचा न्यू जर्सीहून फोन आला : "भंगारात काढा. मी पैसे पाठवतो, आईला न्यायला ड्रायव्हरसकट गाडी लावा." (दादा, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. पुढेही वाच.)

दादाच्या बोलण्यात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या होत्या. एक, गाडी बिघडलीय. दुसरी, बाबांनी आता गाडी चालवू नये. दुसरी गोष्ट तोंडावर बोलायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती, त्यामुळे ती पहिलीच्या आडून बोलली जात होती. बाबांनाही ते कळत होतं. नवी गाडी घेतली तर नवा क्लच, नवी रुंदी, नवे आरसे. ते म्हणणार "राहू दे, तूच चालव", आणि विषय संपला. म्हणजे जुनं इंजिन मेलं की बाबांचं ड्रायव्हिंग आपोआप बंद. कुणाला वाईटपणा घ्यायला नको. सोयीस्करच होतं तसं.

मला ते पटेना. बाबांनी गाडी चालवावी की नाही हा प्रश्न बाबांचे डोळे, पाय आणि लक्ष बघून सोडवायचा. रेडिएटरच्या वाफेवरून कसा सोडवणार? म्हणून चार दिवसांची रजा टाकली, पुण्याहून टूलबॉक्स घेतला आणि वाईला गेले. (इंजिनिअरिंग मेकॅनिकलचं केलं आणि नोकरी कॉम्प्युटरवर केली, हे आमच्या पिढीचं जुनंच दुखणं. पण पाने हातात धरायची सवय मी सोडलेली नाही.)

आता थोडं इंजिनाबद्दल. कंटाळा येणाऱ्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण मग पुढची गंमत कळणार नाही.

पेट्रोल जाळून जेवढी उष्णता मिळते त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांकडे जायच्याऐवजी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात जाते. वॉटर पंप ते पाणी फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून जाताना ते वाऱ्यावर निवतं आणि परत इंजिनात येतं. आपण याला कूलिंग सिस्टिम म्हणतो आणि त्या नावामुळेच अर्धा गोंधळ होतो. वाटतं की जितकं थंड तितकं चांगलं. पण इंजिनाला थंड राहायचं नसतं, त्याला साधारण ८५-९५ अंशांवर राहायचं असतं. त्याखाली राहिलं तर पेट्रोल जास्त खातं, ऑइल जाड राहतं, ऑइलमध्ये ओल धरते आणि सिलिंडर लवकर झिजतात. म्हणून तिथे थर्मोस्टॅट असतो. पितळेच्या डबीत मेण, मेण तापलं की फुगतं, फुगलं की झडप उघडते. सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाने १९३४ मध्ये हे काढलं. ना वायर, ना बॅटरी. इंजिन गार असताना ही झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते, आणि ८२ अंशांच्या आसपास हळूहळू उघडायला लागते.

दुसरी हुशारी रेडिएटरच्या टोपणात आहे. ते नुसतं झाकण नाही, ती कुकरची शिटी आहे. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभरच्या पुष्कळ वर जाऊनही उकळत नाही, तसंच इथे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे, तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ च्या आधीच उकळतं. ०.९ बारचं टोपण घट्ट लावलं तर तेच पाणी ११७ च्या पुढेपर्यंत उकळत नाही, आणि त्यात कूलंट असेल तर अजून वर. टोपण दाब धरत नसेल तर बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी "उकळते".

या टोपणाला खालच्या बाजूला एक छोटी उलटी झडप पण असते. पाणी तापून फुगलं की मोठी झडप जास्तीचं पाणी शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत सोडते. इंजिन निवलं, पाणी आकसलं की ही छोटी झडप तेच पाणी बाटलीतून परत आत ओढून घेते. जेवढं गेलं तेवढं परत. हिशोब चोख.

आता गाडीकडे.

मी तपासायला घेतली ती रविवारी सकाळी सहाला, इंजिन रात्रभर निवल्यावर. फुकटच्या गोष्टी आधी बघायच्या, पैशाच्या नंतर, हा माझा नियम. बॉनेट उघडलं आणि पहिल्याच नजरेत दिसलं की इंजिनाकडून रेडिएटरला जाणारा वरचा रबरी होज पाइप चपटा झालाय. टेट्रापॅकमधला शेवटचा घोट स्ट्रॉने ओढला की खोका कसा आत जातो, तसा. टोपण हळूच फिरवलं तर फुस्स करून हवा आत गेली आणि पाइप पुन्हा गोल झाला. रेडिएटरमध्ये पाणी चार बोटं खाली. आणि शेजारची बाटली? काठोकाठ भरलेली!

मला खरं तर तिथेच अर्धं उत्तर मिळालं होतं. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, म्हणजे पाणी जातंय पण परत येत नाहीये. टोपण हातात घेऊन बघितलं तर छोटी झडप पांढऱ्या क्षाराने चिकटून बसलेली आणि मोठीची स्प्रिंग गंजून पार लेचीपेची. म्हणजे दाब वाढायच्या आत पाणी बाटलीत, बाटली भरली की रस्त्यावर, आणि परत यायची वाट बंद. घरी उभ्या गाडीखाली एक थेंब नाही. म्हणून तर गॅरेजवाल्याला वाटलं असणार की गॅस्केटमधून पाणी आत जळतंय.

पण "वाटणं" पुरेसं नव्हतं. त्याचं निदान चुकीचं आहे असं सिद्ध झाल्याशिवाय आईला त्या गाडीत बसवायला मी तयार नव्हते. म्हणून गॅस्केटची तपासणी वेगळी केली. ऑइलच्या झाकणाखाली बघितलं, पाणी मिसळलं की तिथे फेटलेल्या लोण्यासारखा पांढुरका थर दिसतो. नव्हता. सायलेन्सरमधून पांढरा धूर? नाही. मग निळ्या द्रवाची नळी, ही मी आधीच ऑनलाइन मागवून ठेवली होती. रेडिएटरच्या तोंडावर धरून, इंजिन चालू ठेवून, आतली हवा त्या निळ्या द्रवातून ओढायची. गॅस्केट फुटलं असेल तर जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात येतो आणि निळा द्रव पिवळा होतो. मी दहा मिनिटं रबरी फुगा दाबत बसले. निळा तो निळाच. शेजारच्या काकू कुंपणावरून बघून म्हणाल्या, "गाडीचं बीपी बघतेस काय गं?"

साताऱ्याच्या एका रेडिएटरवाल्याकडे हातपंप होता. सोमवारी त्याच्याकडे गेले. त्याने रेडिएटरच्या तोंडाला पंप लावून ०.९ पर्यंत दाब भरला आणि आम्ही चहा प्यायलो. पंधरा मिनिटांनी काटा तिथेच. म्हणजे गळती बाहेरही नाही आणि आतही नाही. मग त्याच पंपावर आमचं टोपण लावलं, तर ते ०.३ लाच सुटलं. तो माणूस हसून म्हणाला, "ताई, हे टोपण नाही, नुसतं ताट आहे."

तरीही माझं समाधान होईना. नुसत्या टोपणाने पाणी कमी होईल हे खरं, पण आई-बाबांची गाडी सपाट रस्त्यावर लाल रेघेपर्यंत गेली होती. आणखी काहीतरी असणार. रेडिएटरमधलं पाणी बोटावर घेऊन बघितलं होतं. तांबूस, गढूळ, विटांच्या चुऱ्यासारखं. कूलंटचा पत्ता नाही.

"बाबा, यात कूलंट कधी घातलं होतं शेवटचं?"

बाबा काही बोलले नाहीत. आई आतून म्हणाली, "डिकी उघड."

डिकीत, चटईखाली, पाच लिटरचा तेलाचा कॅन. त्यात बोअरचं पाणी. बाबा गेलं वर्षभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघायच्या आधी पाणी बघत होते, भरत होते, आणि कुणाला सांगत नव्हते. साताऱ्याला पोचल्यावर आईला आत सोडायचं, दोन तासांनी इंजिन निवलं की पुन्हा टोपण उघडून पाणी घालायचं, मगच बाकड्यावर जाऊन पेपर उघडायचा. आईला हे सगळं माहीत होतं. तिने विचारलं तेव्हा बाबांनी सांगितलं होतं, "पोरांना कळलं तर गाडी विकायला लावतील."

मी त्यावर काय बोलणार? खरंच होतं ते. दादाच्या त्याच फोनवर मीही "हूं हूं" करतच होते ना.

बोअरचं पाणी जड. ते तापलं की त्यातला क्षार नळ्यांना आतून धरतो, आपल्या बंबाच्या तळाला धरतो तसाच. आपल्याकडे लोक म्हणतात की इथे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला हवं? पण न गोठणं हे कूलंटच्या कामांपैकी एक. आपल्या हवेत त्याची खरी गरज आहे ती अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि रेडिएटर आतून गंजू-सडू नये म्हणून, आणि उकळायचं तापमान वर जावं म्हणून.

रेडिएटर किती बुजलाय ते बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरला. (कोविडच्या काळात कपाळावर धरायचो तो नव्हे, तो पन्नाससुद्धा दाखवत नाही. वर्कशॉपमधला, पिस्तुलासारखा.) इंजिन नीट तापल्यावर फॅनच्या बाजूने एकेक जागा मोजली. डावीकडे ८६, मध्ये ८१, आणि उजवीकडचा वीतभर रुंद उभा पट्टा ४९. तिथून पाणी जातच नव्हतं. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा रेडिएटर नुसता शोभेला. फॅन मात्र वेळेवर सुरू होत होता, वॉटर पंपाच्या दांड्याला खेळ नव्हता, त्याच्या खालच्या भोकातून ठिपका नव्हता. ते दोघे निर्दोष सुटले.

एक गोष्ट मात्र सकाळपासून खटकत होती. गार इंजिन सुरू केलं की वरचा पाइप पहिली काही मिनिटं गारच राहायला हवा. थर्मोस्टॅट उघडला की मग एकदम चटका. आमचा पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत होता. दोन बोल्ट काढून थर्मोस्टॅटचं घर उघडलं. घर रिकामं. कुणीतरी, कधीतरी, थर्मोस्टॅट काढून टाकला होता.

हा आपल्याकडचा फार लाडका उपाय. गाडी तापते? थर्मोस्टॅट काढा, गरम देशात तो लागत नाही. दोन दिवस काटा खाली राहतो आणि गिऱ्हाईक खूश. पण आमच्यासारख्या कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तोंडं असतात. एक रेडिएटरची वाट उघडतं आणि त्याच वेळी दुसरं, इंजिनातल्या इंजिनात पाणी फिरवणारी आतली आखूड वाट बंद करतं. तो काढून टाकला की आखूड वाट कायमची उघडी. मग सकाळी इंजिन वेळेवर तापत नाही, आणि दुपारी खरी गरज असते तेव्हा बरंचसं तापलेलं पाणी रेडिएटरकडे न जाता आतच घुटमळतं. त्यात रेडिएटर बुजलेला, टोपण दाब न धरणारं, आणि वर एप्रिल. वेगवेगळे असते तर यातला एकही दोष गाडीला रस्त्यात उभा करता ना.

आई तेव्हा पडवीत बसली होती. तिला दिवसाला एक लिटर पाणी. चहा, आमटी, औषधाचे घोट, सगळं धरून. तिची एक लिटरची बाटली आहे, तिच्यावर तिने स्वतः मार्करने रेघा मारल्या आहेत : सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी तिला सांगत होते की गाडीतलं पाणी कुठून कुठे जातं, कुठे अडतं, परत का येत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मशीनवर पण असंच असतं. नळीत बुडबुडा आला की ओरडतं." मग जरा थांबून, "तुझ्या बाबांना त्या पोरीने सगळं समजावून सांगितलं होतं पहिल्या दिवशी. दाब किती, पाणी किती काढलं. ते रोज वहीत लिहितात. गाडीचं मात्र कुणी समजावलं नाही."

मंगळवारी आईला भाड्याच्या गाडीने पाठवलं आणि मी पुण्याला, नाना पेठेत. गाड्यांचे सुटे भाग घ्यायचे तर पुणेकराला दुसरी वाट नाही. रेडिएटर, टोपण, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, दोन्ही होज पाइप, क्लिपा, कूलंट. काउंटरवरचे काका सगळं देत गेले आणि थर्मोस्टॅटपाशी थांबले. "ताई, हा कशाला? आपल्याकडे कोणी लावत नाही." मी म्हटलं, आमच्याकडे लावतात. त्यांनी मागे माळ्यावर चढून धुळीतला खोका काढला. सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आत.

थर्मोस्टॅट लावायच्या आधी तपासायचा, नवा असला तरी. आईच्या जुन्या पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर. "माझं पातेलं परत स्वयंपाकघरात आणायचं नाही," एवढी एकच अट. ८२ ला झडप हलली, ९५ पर्यंत पूर्ण उघडली. बाबा शेजारी उभे राहून डोळे बारीक करून बघत होते. झडप उघडताना त्यांनी "अरे वा!" म्हटलं ते ऐकायला दादा हवा होता. नंतर ते थर्मोस्टॅट हातात घेऊन बराच वेळ बसले होते. "एवढंसं आहे," म्हणाले.

बसवायचं काम दोघांनी मिळून केलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. आधी इंजिनातून साधं पाणी सोडून सोडून ते स्वच्छ येईपर्यंत धुतलं, मग नवा रेडिएटर. कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं. (उरलेलं कूलंट कुत्र्यामांजरांच्या वाटेत ठेवू नका. चव गोड असते आणि ते भयंकर विषारी आहे.) सगळ्यात वेळखाऊ काम हवा काढायचं. गाडीचं तोंड चढाकडे करायचं, हीटर पूर्ण गरमवर, टोपण उघडं, इंजिन चालू, आणि पाइप हाताने दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. हे करायला इंजिन गार असतानाच बसायचं. तापलेल्या इंजिनाचं टोपण कधीही उघडू नका. ओल्या फडक्याने तर मुळीच नाही, वाफेला फडकं कळत नाही.

राहिली परीक्षा. वाईकरांना परीक्षेसाठी लांब जावं लागत नाही, पसरणी घाट दारात आहे. वाईहून पाचगणी सहाशेक मीटर वर, आणि वळणं अशी की गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही. वेग कमी, म्हणजे वारा कमी, आणि इंजिनाला मेहनत जास्त. दुपारी दीड वाजता निघालो. किल्ली बाबांकडे दिली. मी शेजारी, मांडीवर वही. एका कॉलममध्ये काट्याची जागा लिहीत होते. दुसऱ्या कॉलमचं बाबांना सांगितलं नव्हतं.

काटा मध्याच्या किंचित खाली आला आणि तिथेच राहिला. एसी लावला, तरी तिथेच. पाचगणीला टपरीवर मका खाल्ला, अर्ध्या तासाने बाटली बघितली, पातळी बरोबर.

दुसऱ्या कॉलममध्ये लिहिलं होतं : वळणावर हॉर्न, दर वेळी. चढणाऱ्याला वाट देतात. आरसा बघतात. ब्रेकवर पाय वेळेवर जातो. बोगनवेलीच्या सावलीतून उन्हात आल्यावर डोळे मिचकावतात. समोरच्या गाडीची काच चमकली की वेग एकदम कमी करतात. बोर्ड मी आधी वाचते.

हे शेवटचे तीन मुद्दे मी त्यांना घरी आल्यावर, आईसमोर, स्पष्ट सांगितले. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, रात्री समोरच्या दिव्यांचा गोळा होतो, सहा महिने झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. जूनमध्ये एक डोळा झाला, ऑगस्टमध्ये दुसरा. मधल्या काळात मी आणि चुलतभाऊ आलटून पालटून गेलो, आणि आईची संध्याकाळची वेळ बदलून सकाळची मिळवली. आता ती कायम सकाळचीच आहे, अंधारात गाडी काढायची नाही असं ठरलंय. बाबांना मान्य आहे. पाय आणि लक्ष यांचं दर सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, तेही ठरलंय. पुढेमागे "नाही" म्हणायची वेळ येईल, तेव्हा ते आम्ही गाडीच्या आड न लपता म्हणू. दादा, हे तुझ्यासाठी.

डिकीतला कॅन मी काढून ठेवला होता. बाबांनी तो परत ठेवला, पण आता त्यात मिसळलेलं कूलंट आहे आणि वर चिठ्ठी चिकटवलीय, तारीख घालून. गाडीच्या बाटलीवरच्या कमाल-किमानच्या खुणा प्लॅस्टिक पिवळं पडल्यामुळे दिसत नव्हत्या, म्हणून आईने तिचा मार्कर आणून तिथे रेघ मारली. बाबांच्या डायलिसिसच्या वहीत आईचं वजन, रक्तदाब आणि काढलेलं पाणी यांच्या शेजारी आता आणखी एक रकाना आहे. गेल्या शुक्रवारी फोन केला तेव्हा त्यांनी तो वाचून दाखवला. "रेघेवर. मंगळवारी पण रेघेवर."